पडद्यावरचा गुन्हा आणि पडद्यामागचा

१५ मे २०१५ रोजी प्रदर्शित झालेला अनुराग कश्यप यांचा ‘बॉम्बे वेल्वेट’ हा हिंदी चित्रपट तिकीटबारीवर सपशेल कोसळला. कोसळलेल्या चित्रपटाची आठवण ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. तरीही आम्ही आज त्याचा विषय मुद्दाम काढीत आहोत. मुंबईतील एका जाझ क्लबाची आणि त्याभोवतीच्या गुन्हेगारीची ही कथा आमच्या बहुसंख्य वाचकांना परक्यांची वाटली असेल. वस्तुतः ती अर्धीअधिक गोमंतकाची कथा आहे, आणि ती आपल्याला परकी वाटावी यातच आमच्या मते विचार करण्याजोगे काही आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. रस्त्यावर वाढलेला जॉनी बलराज हा तरुण कैझाद खंबाटा नावाच्या धनिकाचा हस्तक होतो, त्याच्या वतीने क्लब चालवतो आणि तेथे गाणाऱ्या रोझी नोरोन्हा या गोव्याहून आलेल्या तरुणीच्या प्रेमात पडतो. क्लबातील झगमगाटाआड खरा व्यवहार चालतो तो समुद्र हटवून निर्माण होणाऱ्या जमिनीचा. हा खंबाटा एका वृत्तपत्राचा संपादक दाखवला आहे. आमच्या व्यवसायाला ही गोष्ट बोचणारी असली तरी तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. लेखणी विकली गेली की ती पिस्तुलापेक्षा स्वस्तात काम करते, हे सांगण्याचा कलावंताला अधिकार आहे. जमिनीच्या हव्यासाची बाजूही हवेतून काढलेली नाही. पटकथेला इतिहासकार ज्ञान प्रकाश यांच्या ‘मुंबई फेबल्स’ या ग्रंथाचा आधार होता. ज्यांच्या नावाने आज नरीमन पॉइंट ओळखला जातो त्या खुर्शेद नरीमन यांनीच १९२० च्या दशकात बॅकबे भरावातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला होता, हा दैवदुर्विलास तर कोणत्याही पटकथेहून सरस आहे.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. साठीच्या दशकातील मुंबई उभी करण्यासाठी निर्मात्यांनी श्रीलंकेत प्रचंड देखावे उभारले. रस्ते, गाड्या, पोशाख यांत कसूर ठेवली नाही. परंतु रोझीच्या पाठीशी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पियानो घेऊन जी माणसे बसतात, त्यांच्यापैकी एकाचीही कथा हा चित्रपट सांगत नाही. जाझ हा येथे गुन्हेगारीच्या कथेला लावलेला मखमली पडदा आहे, त्याहून अधिक काही नाही.

कोण होती ही माणसे? गोव्याच्या गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत कोवळ्या वयात त्यांनी स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण घेतले होते. गावात पोट भरेना, म्हणून ती मुंबईस आली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत पथाऱ्या टाकून राहिली. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतकाराचा वाद्यवृंद मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात अशा वादकांचे जाझ निनादू लागले, आणि ते कान देऊन ऐकणाऱ्यांत गोमंतकीय वादक आघाडीवर होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, तरी चर्चगेटच्या उपाहारगृहांतील सूर थांबले नाहीत.

रात्री हॉटेलात वाजवणारे हेच हात दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत राबत होते. संगीत दिग्दर्शक चाल बांधी. ती चाल साठ-सत्तर वादकांच्या वृंदाला पेलेल अशा रीतीने प्रत्येक वाद्याच्या वाट्याचे स्वर कागदावर उतरवणे, दोन कडव्यांमधील जागा भरणे, व्हायोलिनचे थर रचणे हे काम संयोजकाचे. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांमागे सेबॅस्टियन डिसोझा उभे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि त्या गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे देशभर पोहोचले. ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे मात्र किती जणांना ठाऊक होते? आमच्या मराठी सी. रामचंद्रांनी १९५१ साली भगवानदादांच्या ‘अलबेला’त जी धमाल उडवून दिली तीत चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा होता, त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही झळकला. परंतु असे प्रसंग अपवादात्मक. श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शक असे, गीतकार असे, पार्श्वगायक असत. संयोजकाला फार तर ‘साहाय्यक’ म्हणून एक ओळ मिळे आणि वादकांना तीही नाही. पडद्यावरच्या गुन्ह्याचा शेवट दोन-अडीच तासांत होतो. हा पडद्यामागचा गुन्हा अनेक दशके चालला आणि त्याची कोठे फिर्याददेखील नोंदली गेली नाही.

‘बॉम्बे वेल्वेट’च्या आसपासच याच काळावरचा दुसरा एक चित्रपट आला, तो कोकणीत. बार्डरॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या जीवनावर बेतलेल्या या चित्रपटाला हिंदी चित्रपटाच्या तुलनेत किरकोळच भांडवल लाभले. पण त्यात जुनी वीस कोकणी गाणी होती आणि ती वाजवणारा वादक कथेच्या मध्यभागी होता. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट म्हणून गौरव झाला. ज्या गायिकेची ही छाया, ती लॉर्ना दीर्घ मौनानंतर १९९५ साली पुन्हा गाऊ लागली होती. एका कलावंत स्त्रीची उमेदीची वर्षे मुकी जातात, याहून मोठे कोणते गुन्हेनाट्य लिहायचे?

आता थोडे आपल्याविषयी. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांची नावे घेताना आमची छाती फुगते, आणि ती फुगावीच. पण हळदोण्याच्या वाझांचे किंवा माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांचे नाव आमच्या किती घरांत निघते? दोघांनाही याच मातीने सूर दिला, दोघांनाही मुंबईच्या वाटेला लागावे लागले, आणि ज्या कलेवर त्यांनी घर चालवले त्याच कलेपायी दोघांनाही समाजाची उपेक्षा सोसावी लागली. फरक एवढाच की, एकांची स्मृती आम्ही देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसऱ्यांची ‘त्यांचे ते पाश्चात्त्य संगीत’ म्हणून शेजारच्या वाड्यात लोटून दिली. हे म्हणताना आपण विसरतो की, ज्या पायपेटीच्या सुरांवर मराठी नाट्यसंगीत बहरले ती पायपेटीदेखील पश्चिमेकडूनच आली होती. सूर कोणत्या दारातून आत आला हे विचारून रसिकता वाढत नसते.

यासाठी मोठे स्मारक उभारा असे आमचे म्हणणे नाही. त्या पिढीतील जे वादक आज हयात आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. दिवंगतांच्या घरी पेट्यांत, माळ्यांवर हस्तलिखित स्वरांचे जे कागद उरले असतील ते वाळवीच्या आधी कला अकादमीच्या किंवा ग्रंथालयांच्या हाती लागावेत. आणि गोव्याच्या संगीतेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मंदिराशेजारी चर्चच्या शाळेलाही पान मिळावे, एवढीच आमची मागणी आहे. वयाच्या हिशेबाने पाहता या कामाला फार वर्षे उरलेली नाहीत. सरकार जागे होईल तेव्हा होवो. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. सायंकाळी जुने हिंदी गीत लागले की शब्द संपताच आवाज कमी करू नये. दोन कडव्यांमधली ती वीस-पंचवीस सेकंदे नीट ऐकावीत. तेथे आपलाच कोणी शेजारी वाजवीत असण्याचा फार संभव आहे.