गावचं आरोग्य, गावच्या हाती (भाग ७) : आशाताईचं प्रमाणपत्र

उपकेंद्राचं काम मागच्या भागात पाहिलं. आता प्रश्न येतो, आशाताई व्हायचं कसं?

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातली ही योजना. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. ती त्याच गावात राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय 25 ते 45. लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलीला शिकवलं तर शिक्षण तिच्यासोबत जातं, म्हणून ही अट. निवडीत ग्रामसभेचा शब्द असतो. सुरुवातीला आठवी पास पुरायचं. आता दहावी झालेलीला पसंती मिळते.

खरं शिक्षण निवडीनंतर. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा, आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच देशभर गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जाते. झोळीच्या काट्यावर वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. श्वास मोजणं ऐकायला सोपं वाटतं. पण बाळ रडत नसावं, अंगडं वर करून पोट दिसावं, आणि पूर्ण एक मिनिट नजर हलू नये. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर लेकरू लगेच दवाखान्यात. त्या वेळी सासूबाई ‘सर्दी आहे, उतरेल’ म्हणतील, त्यांना पटवणं हेही शिक्षणातच येतं. भेटीची वेळ साधणंही शिकावं लागतं. देऊळगाव राजाच्या बाजूला बाया दिवसभर बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये असतात. गरोदर बाईला गाठायचं तर तिच्या वेळेलाच जावं लागतं.

प्रमाणपत्र त्यानंतरची पायरी. ते नसलं तरी आशा म्हणून काम करता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा होते आणि आलेलं कौशल्य प्रमाणित केलं जातं. पण पास झाली म्हणून ती सरकारी नोकर होत नाही. कागदावर स्वयंसेविकाच राहते, मोबदला बराचसा कामागणिक मिळतो. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. परीक्षा घेणाऱ्या सरकारने नोकरीचा दर्जा मात्र द्यायचा नाही, हे मला पटत नाही. मोबदल्याचा सविस्तर हिशोब पुढच्या भागात.

तोवर, इच्छा असेल तर गुणपत्रक आणि रहिवासाचा पुरावा काढून ठेवा. गावात जागा रिकामी आहे का, हे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गटप्रवर्तक ताईंना विचारा.