जाहीर केलेले दान, पोहोचलेले दान

२८ जानेवारी २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारांच्या चर्चेकडे पाठ फिरवून आयोवातील डे मॉइन येथे माजी सैनिकांसाठी निधीसभा घेतली. साठ लाख डॉलर जमले, पैकी दहा लाख आपले, असे त्यांनी सांगितले. ते दहा लाख मात्र वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहराने पिच्छा पुरवल्यावर, मे महिन्यात दिले गेले. विहाराच्या धम्मदानाची पावती आम्ही हक्काने मागतो. मग मत मागणाऱ्याकडे ती मागण्यात संकोच कसला?

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना वीस लाख डॉलर भरण्यास सांगितले. निधी अखेर सैनिकांच्या संस्थांपर्यंत पोहोचला, हे न्यायाधीशांनी नोंदवले. पण तो कोणाला, केव्हा द्यायचा, हे त्यांच्या धर्मादाय प्रतिष्ठानाऐवजी प्रचारयंत्रणेने ठरवले होते.