बोटाच्या मापाचा पॅड

आमच्या लहानपणी त्याला कुणी कंट्रोलर म्हणत नसे, रिमोट म्हणत. टीव्हीच्या मागे पिन खोचायची, पिवळी कॅसेट दाबून बसवायची आणि दोन वायरींच्या टोकांचे दोन रिमोट घेऊन चटईवर बसायचं. ‘कॉन्ट्रा’मध्ये पहिल्या रिमोटचा गडी निळ्या विजारीतला, दुसऱ्याचा लाल. धाकट्याला निळाच लागायचा, म्हणून मी कायम लाल. सोमाटण्यात पावसाळ्यात वीज जायची तेव्हा खेळ होता तिथेच संपायचा, आणि वीज येईपर्यंत आम्ही दोघं अंधारात रिमोट धरून बसून राहायचो.

तो रिमोट सगळ्यांच्या हातांना एकच होता. चार दिशांची फुली आणि उजवीकडे बटणं. ही फुली निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी बसवली आणि डाव्या अंगठ्याची जागा तेव्हाच ठरून गेली. १९९६ साली निन्टेंडो ६४ बरोबर अंगठ्याने कलवायची स्टिक आली. पुढे तर्जनीखाली दाबानुसार काम करणारे ट्रिगर आले. आजच्या पॅडवर दोन अंगठे आणि दोन तर्जन्या मिळून जवळजवळ सगळं काम करतात. उरलेली सहा बोटं नुसती पॅड धरून असतात.

ही चार बोटं धड असली तर पॅड निवडायला फार डोकं लावावं लागत नाही. माझ्या भावाच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं सहा वर्षांपूर्वी प्रेस शॉपमध्ये गेली. तो कामावर परत गेला, मोटारसायकल चालवायला लागला, जेवणही उजव्याच हाताने. खेळाचं नाव मात्र त्याने पुन्हा काढलं नाही. मग त्याच्या मुलीला तिच्या मामाने निन्टेंडोचा स्विच पाठवला. एका रविवारी ती वर आली आणि म्हणाली, “आत्या, बाबांना उजवीकडचा ट्रिगर दाबताच येत नाही. ते म्हणतात, तूच खेळ.”

त्या वाक्यापासून माझा शोध सुरू झाला. घरात यंत्रं तीन: भाचीचा स्विच, माझ्या मुलाचा पीसी आणि भावाचा अँड्रॉइड फोन. तिन्हींना चालेल, बिनवायरचा असेल आणि ज्याची बटणं हवी तशी बदलता येतील असा एकच पॅड हवा होता. घोरावाडीहून लोकल पकडून शिवाजीनगरला उतरले आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पालथी घातली. एका दुकानात खोक्यावर ‘मल्टी-प्लॅटफॉर्म’ असं ठळक छापलेला पॅड मला खात्रीने विकला गेला. घरी आणला तर पीसीला लगेच लागला, स्विचला मात्र काही केल्या ओळखच पटेना. दुकानदाराने परत घेतला नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही. ‘मल्टी-प्लॅटफॉर्म’ या शब्दावर विसंबू नका, खोक्याच्या मागची बारीक अक्षरातली यादी वाचा. त्या यादीत बहुधा विंडोज, अँड्रॉइड आणि स्विच असतात, कधी आयफोनही. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ५ त्यात क्वचितच सापडतील. एक्सबॉक्स कन्सोल पॅडशी ब्लूटूथवर बोलत नाही, त्याची स्वतःची रेडिओभाषा आहे आणि तिचा परवाना मायक्रोसॉफ्ट देते. नोव्हेंबर २०२३ पासून तर बिगरपरवान्याची उपकरणं त्या कन्सोलवर अडवलीच जाऊ लागली. प्लेस्टेशन ५ चे खेळ प्लेस्टेशन ४ चा सोनीचाच पॅडसुद्धा स्वीकारत नाहीत. घरात यातलं एखादं कन्सोल असेल तर त्याचाच अधिकृत पॅड घ्यावा आणि तो पीसीला, फोनला जोडावा. उलटा रस्ता जात नाही.

एकाच नावाचे दोन भाऊ हाही एक सापळा आहे. ‘एटबिटडो’ या चिनी कंपनीच्या ‘अल्टिमेट’ नावाखाली एक ब्लूटूथवाला पॅड आला आणि एक नुसत्या २.४ गिगाहर्ट्झ डाँगलचा. दिसायला सारखेच. पहिला स्विचला चालतो, दुसरा चालत नाही. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला तेव्हा जुने कित्येक पॅड त्याला लागेनात, कंपन्यांनी फर्मवेअर दुरुस्त करून दिल्यावर लागले. तेव्हा फर्मवेअर अजूनही येत राहतं अशाच कंपनीचा पॅड घेतलेला बरा.

आता बटणांकडे. इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. नवा पॅड घेण्याआधी एक उपाय फुकटात करून पाहता येतो. स्विचमध्ये एप्रिल २०२० पासून निन्टेंडोच्या स्वतःच्या कंट्रोलरची बटणं सेटिंगमधूनच बदलता येतात. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनमध्येही ती सोय आहे. पीसीवर स्टीम हे दुकान चालवणारं सॉफ्टवेअर जवळजवळ कुठल्याही पॅडची बटणं प्रत्येक खेळासाठी वेगळी लावून देतं. आम्ही उजव्या ट्रिगरचं काम अंगठ्याच्या एका बटणाकडे देऊन पाहिलं. पंधरा मिनिटांत कळलं की अंगठ्यावर आधीच चार बटणांचा आणि एका स्टिकचा भार आहे. त्याच्या गळ्यात आणखी एक काम घातलं की नेम धरताना गोळी सुटत नाही आणि गोळी झाडताना नेम राहत नाही.

ती बसून असलेली सहा बोटं इथे उपयोगी पडतात. २०१५ साली आलेल्या एक्सबॉक्स एलिटच्या पाठीवर चार पट्ट्या होत्या, ज्या मधल्या आणि अनामिकेने दाबायच्या. सोनीने २०२३ च्या जानेवारीत ड्युअलसेन्स एजवर तशी दोन बटणं दिली. हे दोन्ही पॅड महाग. एजची अमेरिकेतली किंमतच जवळपास २०० डॉलर होती. पण मागची दोन बटणं आता अडीच-तीन हजारांच्या पॅडवरही मिळतात. बहुतेक पॅडवर ही बटणं नवं काही पाठवत नाहीत, पुढच्या एखाद्या बटणाची नक्कल करतात. भावासाठी तेवढं पुरेसं होतं. उजव्या ट्रिगरची नक्कल उजव्या मागच्या बटणावर, दाबणार मधलं बोट.

पण ट्रिगर म्हणजे साधं बटण नव्हे, आणि हे मला उशिरा उमगलं. पीसीवर गाड्यांच्या खेळात ट्रिगर जितका दाबाल तितका ॲक्सिलरेटर. मागचं बटण मात्र दिव्याच्या खटक्यासारखं आहे, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. त्याने गाडी वळणावर सरळ कठड्याला जाऊन भिडते. स्विचवर ही अडचण येतच नाही, कारण स्विचच्या स्वतःच्या कंट्रोलरचे ट्रिगर मुळात खटक्यासारखेच असतात, त्यामुळे तिथले खेळ अर्ध्या दाबाची अपेक्षाच करत नाहीत. पीसीसाठी आम्ही वेगळी वाट काढली. भावाची डावी तर्जनी शाबूत आहे. ॲक्सिलरेटर खेळाच्या सेटिंगमधून डाव्या ट्रिगरवर नेला आणि ब्रेक मागच्या बटणावर. ब्रेक टपटप दाबून मारता येतो, ॲक्सिलरेटर तसा देता येत नाही. पहिला आठवडा तो चुकला, दुसऱ्या आठवड्यात घाट उतरू लागला.

ही जुळणी कुठे साठवली जाते, हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. ती पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्येच राहत असेल तर पॅड फोनला जोडल्यावर ती तिथे नाही. पॅडच्या पोटात साठत असेल तर पॅडबरोबर फिरते. पॅडवरच एक छोटं बटण असतं, ज्याने दोन-तीन साठवलेल्या जुळण्या फिरवता येतात. आमच्याकडे एक जुळणी भावाची, एक मुलाची आणि तिसरी भाचीची आहे. तिसरीत फक्त ए-बी आणि एक्स-वाय उलटे केलेत, कारण निन्टेंडोचा ए उजवीकडे असतो आणि एक्सबॉक्सचा खाली. दोन्ही यंत्रांवर खेळणारं मूल या एका अक्षरापायी सारखं चुकत राहतं.

ज्यांच्या हाताची अडचण याहून मोठी आहे त्यांच्यासाठी मागच्या पट्ट्या पुरत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याच्या पाठीमागे १९ ऑडिओ जॅकसारखी भोकं आहेत. प्रत्येकात पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबायचं वेगळं बटण लावता येतं. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. यांपैकी एखाद्याची गरज असलेलं कुणी ओळखीत असेल तर ही नावं त्यांच्या कानावर घाला. फिजिओथेरपिस्टला बरोबर घेऊन निवडावी अशी ही वस्तू आहे.

स्टिकबद्दल थोडं. जुन्या धाटणीच्या स्टिकखाली कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा संपर्क असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असतो तसा. पट्टी झिजली की स्टिक सोडलेली असतानाही गडी आपोआप एकीकडे चालू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात आणि स्विचच्या जॉय-कॉनमुळे तो जगभर बदनाम झाला. यावरचा उपाय आहे १८७९ साली एडविन हॉल यांनी नोंदवलेला परिणाम. स्टिकला चुंबक लावायचं आणि संवेदकाने फक्त त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं. घासणं नाही म्हणून झीज नाही. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये हे केलं होतं, नंतर ते मागे पडलं, आणि आता कमी किमतीच्या पॅडवर ‘हॉल इफेक्ट’ म्हणून परत आलंय. त्याच्याच पुढचा प्रकार टीएमआर, जो वीज कमी खातो. तीन हजारांच्या आसपास खर्च करणार असाल तर यांपैकी एक असल्याशिवाय पॅड घेऊ नका. दुकानातच ब्राउझरमध्ये पॅड तपासणारं एखादं पान उघडून स्टिक सोडून पाहा, आकडा शून्यापाशी स्थिर राहतो का.

मावळात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हाताने चाचपावी. पॅडच्या मुठीवर रबरासारखा मऊ लेप असतो, दुकानात हात फिरवला की फार छान वाटतो. आमच्याकडच्या दमट हवेत हा लेप दोन पावसाळ्यांत सुटू लागतो. मुलाचा आधीचा पॅड सप्टेंबरमध्ये कपाटातून काढला तर तो हाताला गुळाच्या काकवीसारखा चिकटला, आणि कितीही पुसलं तरी बोटांवर काळं यायचं. साध्या खरखरीत प्लास्टिकची मूठ निवडा. पावसाळ्यात पॅड डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

जोडणीत डाँगल ब्लूटूथपेक्षा सहसा चपळ असतो. सेकंदाला हजार वेळा खबर देणारा पॅड दर मिलिसेकंदाला बोलतो, १२५ वेळा देणारा दर आठ मिलिसेकंदांनी. हा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर टीव्हीच त्याच्या कितीतरी पट वेळ खातो. आधी तो चालू करा. डाँगल पीसीच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका. त्या पोर्टची वर्दळ नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. अर्ध्या मीटरची यूएसबी वायर घेऊन डाँगल टेबलावर समोर आणला, तेव्हा आमच्याकडचे अधूनमधून अडकणारे गडी नीट धावू लागले.

फोनवर आधी खेळाची परवानगी पाहा. ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’ पॅड घेतो आणि पॅडवाल्यांना पॅडवाल्यांशीच भिडवतो. ‘बीजीएमआय’ पॅडला अधिकृतपणे थारा देत नाही. मधलं ॲप घालून बळेच जोडलं तर खातं बंद होण्याची जोखीम आहे. आणि परदेशातून परस्पर मागवण्यापेक्षा भारतात आयातदाराचं नाव, एमआरपी आणि तक्रारीचा पत्ता छापलेलं खोकं घ्या. बिनवायरच्या वस्तूंना इथे दूरसंचार खात्याची मंजुरी लागते, ती नसली तर पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.

आम्ही शेवटी मागे दोन बटणं, हॉल इफेक्ट स्टिक, पोटात तीन जुळण्या आणि ब्लूटूथ व डाँगल दोन्ही असलेला पॅड घेतला. भाऊबीजेला ओवाळणी त्याने घालायची असते, पण त्या दिवशी ताटाखालून खोकं मी काढलं. अंगणात मुलांनी लोहगड बांधला होता, भाचीच्या नखांत अजून माती होती. तिने ‘राजी’ लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला, २०२० साली आधी स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आलेला खेळ. त्यातली राजी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. मी दार लावून चहा टाकायला गेले. आतून बराच वेळ फक्त बटणांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी पॅड हातात घेतला तर मी लावलेली भावाची जुळणी बदललेली होती. डाव्या मागच्या बटणावर मी काहीच ठेवलं नव्हतं. त्याने तिथे उडी आणून ठेवली होती, आणि खाली जिन्यातून हाक आली, “ताई, तो पॅड चार्जिंगला लाव गं, संध्याकाळी लागेल.”