संगमरवराचा धंदा : आधी हात, मग हिशेब, यंत्र शेवटी

आपल्या वस्त्यांमध्ये फरशी बसवणारा, ओटा कापणारा किंवा पॉलिश मारणारा एखादा तरी मुलगा ओळखीचा असतोच. दहावीनंतर शिक्षण थांबते, मामूंच्या किंवा चाचांच्या हाताखाली तो कामाला लागतो, चार-पाच वर्षांत हात बसतो. मग एक दिवस घरात विषय निघतो, "दुसऱ्याकडे किती दिवस राबायचं? आता स्वतःचं काम सुरू करू." अम्मीचे दागिने, अब्बूंच्या निवृत्तीची रक्कम, आखातातल्या भाईजानने पाठवलेले पैसे, सगळ्यांकडे नजर जाते. आणि पहिली चौकशी होते ती यंत्राच्या किमतीची!

शाळेत शिकवत असल्यामुळे असे पालक माझ्याकडेही सल्ला विचारायला येतात. विचार चांगला आहे. घरे बांधली जात आहेत तोवर या कामाला मरण नाही. पण या धंद्यात यंत्र सर्वांत शेवटी घ्यायचे असते. त्याआधी तीन गोष्टी हव्यात : दगडाची ओळख, पक्का हिशेब आणि धुळीचा बंदोबस्त.

दगड ओळखायला शिका

संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीचा दगड, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला. राजस्थानातले मकराना हे त्याचे सर्वांत नावाजलेले ठिकाण. ताजमहालाला आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला तिथलाच दगड वापरला आहे. अजमेर जिल्ह्यातले किशनगड ही संगमरवराची मोठी बाजारपेठ. शहाबादी, कोटा आणि कडप्पा या आपल्या ओळखीच्या फरश्याही चुनखडीच्याच कुळातल्या. ग्रॅनाइट मात्र वेगळ्या जातीचा, फार कठीण दगड.

हा फरक पुस्तकी नाही, रोजच्या कामाचा आहे. संगमरवरावर चाकूचा ओरखडा उमटतो, ग्रॅनाइटवर सहसा उमटत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर संगमरवराला खातात आणि चकाकी घालवतात. हळदीचा डाग त्यात मुरतो. म्हणून गिऱ्हाईक स्वयंपाकाच्या ओट्याला पांढराशुभ्र संगमरवर मागते, तेव्हा "ओट्याला नको, देवडीला किंवा हॉलला लावा" असे सांगणारा कारागीर त्या दिवशी थोडी कमाई सोडतो. पण पुढची दहा घरे त्याच्याकडेच येतात.

पॉलिशचेही तसेच. ६०, १२०, २२०, ४०० अशा चढत्या नंबरांनी घासत जायचे असते. आधीच्या नंबरचे ओरखडे पुढच्या नंबरने पुसायचे. वेळ वाचवायला मधला नंबर गाळला, तर काम करताना काही दिसत नाही. पण खिडकीतून तिरपे ऊन आले की सगळ्या रेषा उघड्या पडतात. सिंकसाठी ओटा कापताना कोपऱ्यांना आधी गोल भोके पाडून मग कापायचे, कारण काटकोनात कापलेल्या कोपऱ्यापासून दगड तडकतो. या गोष्टी उस्तादाच्या हाताखालीच कळतात. म्हणून निदान वर्षभर अशा दुकानात काम करावे, जिथे माप घेण्यापासून बिलापर्यंत सगळे बघायला मिळेल.

हिशेब चौरस फुटांत असतो

एक उदाहरण घेऊ. ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद, म्हणजे २० चौरस फूट. दुकानात मिळालेला ग्रॅनाइटचा स्लॅब १० फूट लांब आणि पावणेतीन फूट रुंद, म्हणजे साडेसत्तावीस चौरस फूट. ओटा कापल्यावर ९ इंच रुंदीची लांब पट्टी उरते. ती फेकली, तर पैसे देऊन घेतलेल्या दगडापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त वाया गेला. विचार करून कापली, तर त्यातून ओट्याच्या पुढची ४ इंची पट्टी आणि भिंतीलगतची ४ इंची पट्टी अशा दोन्ही निघतात. याच धंद्यात एक जण कमावतो आणि दुसरा बुडतो, ते बऱ्याचदा अशा उरलेल्या पट्ट्यांमुळे.

माप आणि दर कामाआधी कागदावर लिहावेत : दगड किती चौरस फूट, कडेचे मोल्डिंग किती रनिंग फूट, सिंकचे कापकाम वेगळे की त्यातच, वाहतूक कोणाकडे. कापण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. मापाने कापलेला दगड दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा राहत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाने मन बदलले तर नुकसान आपले. उधारीची वही घरातल्या एखाद्या मुलीकडे, विशेषतः वाणिज्य शाखेत शिकलेल्या मुलीकडे द्यावी. बिल, बँक आणि कराचे काम तिच्याकडे असले, की दुकानाची शिस्त आपोआप येते.

धूळ : जिथे घर खरे पणाला लागते

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांत क्वार्ट्झ असते. कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर त्याचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाते. असा दगड कोरडा कापला, की डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची धूळ श्वासातून फुप्फुसांत जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर पूर्ण बरे करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. अशा माणसाला क्षयरोगाचा धोका जास्त असतो, आणि दोन्हींची लक्षणे सारखी असल्याने अनेकदा टीबी समजूनच उपचार चालू राहतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर "मी दगड कापतो" हे आधी सांगावे.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे सरकारांच्या पावलांवरून कळते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरला. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर आणि स्लॅबवर बंदीच घातली, कारण ते कापणारी तरुण मुले आजारी पडत होती.

शुद्ध संगमरवरात क्वार्ट्झ कमी असते, हे खरे. पण लहान दुकानात फक्त संगमरवर कोण कापतो? सकाळी संगमरवर, दुपारी ग्रॅनाइट असेच चालते.

उपाय महाग नाहीत. पाण्याशिवाय कटर चालवायचा नाही, मग काम दहा मिनिटांचे का असेना. तोंडाला रुमाल बांधल्याने ही बारीक धूळ अडत नाही, एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. दुकान झाडूने कोरडे झाडू नये, पाण्याने धुवावे. कामाचे कपडे घरात झटकू नयेत आणि मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. पाणी आणि वीज एकत्र आली, की शॉकचा धोका. म्हणून अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह लागताच वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

दगडाचे वजनही विसरू नका. १८ मिलीमीटर जाडीचा एक चौरस फूट दगड साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे ४० चौरस फुटांचा स्लॅब १८० किलोचा. भिंतीला नुसते टेकवून ठेवलेले स्लॅब कलंडले, तर माणूस वाचत नाही. ते लोखंडी स्टँडवर, दोन्ही बाजूंनी सारखे वजन ठेवूनच उभे करावेत.

कापताना निघणारा पांढरा गाळ गटारात सोडला, तर गटार तुंबते आणि शेजाऱ्यांशी भांडण होते. पाठोपाठच्या दोन-तीन टाक्यांत गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी पुन्हा वापरावे. जागा राहत्या गल्लीत घेऊ नये. आवाज आणि धूळ दोन्ही घरांपासून दूर हवीत. स्थानिक परवाना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांची चौकशी जागा घेण्याआधी करावी, नंतर नव्हे.

भांडवल आणि भागीदारी

सुरुवात हातातला कटर, ग्राइंडर आणि पॉलिशचे साहित्य यांवर, जागेवर जाऊन कामे घेण्यापासून करावी. कामे नियमित येऊ लागली, की मग मोठे कटिंग यंत्र. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत अल्पसंख्याक अर्जदार विशेष गटात धरले आहेत : स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. सध्याची स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावी.

उरलेली रक्कम बँकेचे कर्ज असते आणि व्याजामुळे अनेक घरे ते टाळतात. त्यांच्यासाठी मुदारबाचा जुना मार्ग आहे : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा आधी ठरलेल्या हिश्श्याने, आणि कामात हयगय झालेली नसेल, तर भांडवलाचा तोटा भांडवल देणाऱ्याचा. पण हेही लेखी असावे. "आपण भाऊ-भाऊच तर आहोत" म्हणून कागद न करणारी घरे पुढे बोलेनाशी होतात. देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला काही नवीन नाही.

तेव्हा मुलाने धंद्याचा विषय काढला, की अम्मी-अब्बूंनी यंत्राचा भाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. कोणाच्या हाताखाली किती दिवस शिकलास? एका ओट्याचा हिशेब लिहून दाखव. पाण्याची सोय कुठे केलीस? आणि तुझ्याकडे काम करणाऱ्या पोरांसाठी मास्क किती आणलेस? चारही उत्तरे समाधानाची असतील, तर दागिन्यांच्या डब्याला हात लावायला हरकत नाही.