नऊ वारांचं गणित

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायचं, हा आमच्या रिठदच्या घरचा नेम. यंदा ओसरीवर ढीग पडला तेव्हा मी सहज मोजला. चौदा नग. त्यात मऊमऊ केसाळ ब्लँकेटं नऊ, सोलापुरी चादरी तीन आणि वाकळी दोन. माझ्या लहानपणी याच ओसरीवर वाकळींची चवड माझ्या डोक्याच्या वर जायची आणि नाल्यावर न्यायला बैलगाडी जुंपावी लागायची. ओली वाकळ एका बाईला उचलत नसे. दोघी दोन टोकं धरून पिळायच्या, एकीचा हात सुटला की दुसरी पाण्यात बसायची आणि आम्ही पोरं त्याचीच वाट बघत काठावर उभी असायचो.

संपादकांनी मागितला आहे तो गेल्या पन्नास वर्षांतल्या वऱ्हाडातल्या घरगुती हातकामाचा आढावा. देते, पण सगळ्यांना सारखी पंगत वाढणार नाही. ज्यात माझा जीव नाही ते उगाच घोळवायचं वय आता राहिलं नाही.

तेव्हा आधी रुखवत उरकून घेते. सत्तरीच्या दशकात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, बाटलीतलं झाड आणि काचेवर चिकटवलेला कापसाचा ससा. पुढे वायरच्या पिशव्या आल्या. त्यानंतर लोकरीचे स्वेटर, ज्यांची रिसोड-वाशीमच्या थंडीत जेमतेम दीड महिना गरज. मग शिवणाच्या वर्गात शिकलेला मशीनवरचा कशिदा. आता थर्माकोलचे मंडप आणि तयार रुखवत भाड्याने. मी स्वतः शाळेत मुलींना अठ्ठावीस वर्षं कार्यानुभव शिकवला, त्यातली निम्मी वर्षं या सशातच गेली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्या जिल्ह्यात खरं भरतकाम बघायचं तर तांड्यावर. बंजारा बाईची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) लोकांना दिसतो तो आरशांमुळे, म्हणून ‘आरसेकाम’ म्हणून मोकळे होतात. आरसा नंतरचा. आधी कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून त्यांवर इतका दाट धावदोरा घातलेला असतो, की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. त्या उभ्या राहिलेल्या कापडावर मग कवड्या, आरसे, नाणी. म्हणजे पाया गोधडीचाच. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला २०२४च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, चांगलं झालं. तिथे जाल तेव्हा कापडाची उलटी बाजू बघायला मिळते का ते विचारा. टाका सुलट्या बाजूवर सजतो, खरा कळतो तो उलट्या बाजूवर.

आता माझ्या विषयावर येते.

पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ, आणि जुन्या बायांच्या तोंडी वाकय. एका परिसंवादात एका विदुषीने मला समजावलं, की वाकळ हा ‘ओबडधोबड’ शब्द आहे, लेखात गोधडीच बरा दिसतो. बाईंना एवढंच सांगितलं, की पंढरपूरच्या कथेत देव जनाबाईच्या घरी आपलं पदक विसरतो आणि अंगावर घेऊन जातो ती तिची वाकळच. देवाला चालली, तुमच्या लेखाला चालेल. गोधडीवर माझा राग नाही. आमच्या अमरावतीकडच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीला, म्हणजे गाडगेबाबांना, लोक गोधडेबुवाही म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांमुळेच.

वाकळ शिवायची ती उन्हाळ्यात. शेत रिकामं, दिवस मोठा, अंगण कोरडं. दुपारी पापड-कुरडया झाकून झाल्या की माझी थोरली मावशी अंगणात लिंबाखाली तळ पसरायची. चार कोपऱ्यांवर चार वजनं: एकावर वरवंटा, एकावर पितळी तांब्या, दोनांवर दगड. तळावर आत भरायची कापडं. उसवलेले सदरे, धोतराचे फाटके पदर, परकरांचे घेर. शिवण, काजं, बटणपट्टी सगळं आधीच काढलेलं, कारण आत जाड शिवण राहिली तर ती झोपणाऱ्याच्या बरगडीत रुतते. सगळी कापडं हाताने चापून चापून सारखी करायची. कुठे दोन थर, कुठे पाच असं झालं, की धुतल्यावर वाकळीला गाठोडी येतात. वर माथ्याचं कापड. मग वीत-वीतभर अंतराने लांब कच्चे टाचे, आणि त्यानंतर मावशी चपला काढून खुद्द वाकळीवर चढून बसायची. एक पाय दुमडलेला, एक लांब. दुहेरी दोरा, मोठी सुई. कडेपासून सुरू करून गोल गोल आत. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढं शिवायचं, मग सरकायचं. एका सुईवर चार-पाच टाके घेऊन एकदम ओढायचे, तेव्हा दोरा कापडातून जाताना जो खर्रर्र आवाज येतो, तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

मी पहिल्यांदा शिवायला बसले तेव्हा टाके मोठे पडत होते. मावशीने वाकळ उचलली, माझ्या पायाचा अंगठा धरला आणि एका टाक्यात अडकवून दाखवला. “यात लेकराचं बोट अडकते वं माय. रात्री उठून रडन, तवा कोन येईन?” टाका किती लहान असावा याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

एकटीला एक वाकळ शिवायला आठ-दहा दुपारी लागायच्या. चौघी बसल्या तर दोन. पण चौघी बसल्या की चार हातांचे टाके. आमच्या घरच्या एका वाकळीच्या कोपऱ्यात टाके अचानक तिरके होतात, ती काकू डावरी होती. शिवणाऱ्या बाया मजुरीवरही येत. आमच्या आईने पायलीभर ज्वारी आणि वर एक जुनं लुगडं दिल्याचं मला आठवतं. मजुरीतलं लुगडं त्यांच्या घरी जाऊन पुन्हा वाकळच व्हायचं.

या विषयावर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात काहीतरी येतं, आणि ते वाचून माझं पित्त खवळतं. एक पंथ ‘मायेची ऊब’वाल्यांचा. या दोन शब्दांवर पाच वर्षं तरी बंदी घालावी, असं माझं मत आहे. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. आणि आमच्या भागात तर वाकळ पांघरायला कमी, अंथरायलाच जास्त. बाजेची सुतळी पाठीला टोचू नये म्हणून, बैलगाडीत लेकीबाळींना बसायला, हरभऱ्याच्या जागलीला, बाळंतिणीच्या खाटेवर. उन्हाळ्यात रात्री अंगणात वाकळ अंथरायची, तेव्हा पारा दिवसा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेलेला असायचा. ऊब कुणाला हवी होती?

दुसरा पंथ ‘दारिद्र्याची कला’वाल्यांचा. चिंध्या म्हणजे गरिबी, हे त्यांचं सोपं समीकरण. पन्नास एकर ओलिताच्या वाड्यातही वाकळी शिवल्या जात होत्या, आणि त्या घराला रजया परवडत होत्या. पिंजारी दर वर्षी यायचा, अंगणात धनुष्यासारखी पिंजण टणटणवत कापूस पिंजायचा, गाद्या भरून द्यायचा. गाद्या पाहुण्यांना. घरच्या माणसाला वाकळ, कारण ती धुता येते. कापसाची गादी एकदा ओली झाली की संपली. ज्या घरात तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेलं म्हातारं एकाच वेळी असतं, तिथे धुता येणं यालाच श्रीमंती म्हणतात.

आणि तिसरा पंथ भिंतीवाल्यांचा. काही वर्षांपूर्वी एका शहरात प्रदर्शन होतं. माझ्याकडून एक वाकळ मागून नेली, कडेला खिळे ठोकून टांगली, खाली ‘ग्रामीण अमूर्त चित्र’ अशी पट्टी लावली. परत आली तेव्हा काठाला सहा भोकं, आणि कुणीतरी तिला कडक इस्त्री केलेली. वाकळीला इस्त्री! टाक्यांच्या मधल्या फुगीर सुरकुत्या, जिथे ती हवा बसते, त्या सगळ्या सपाट. दोनदा धुतल्यावर ती पुन्हा माणसात आली.

भिंतीवर टांगण्याला माझा सरसकट विरोध आहे असं समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायांनी कामाच्या कपड्यांच्या तुकड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर आल्या. बंगालची कांथा तर कवींनीच उचलून धरली. जसीमुद्दीन यांचं ‘नक्शी कांथार माठ’ १९२९ सालचं. शब्द एकच, संस्कृतातली कंथा. बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, आणि आपल्या अगदी शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायांची कवंडी. तीही कडेपासून आत शिवत जातात, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. या सगळ्यांवर ग्रंथ निघाले. आमची वाकळ मागे राहिली, कारण तिच्यावर मोर-हत्ती नाहीत. तिची शोभा एवढीच, की कोणता तुकडा कोणाशेजारी बसवला. मावशी हिरव्याशेजारी हिरवा कधी ठेवायची नाही, आणि का ते तिला विचारलं तर म्हणायची, “भांडतात.”

आता मुद्द्याचं, जे मी गेली वीस वर्षं भेटेल त्याला सांगते आहे. वाकळ का गेली? टीव्ही आला म्हणून, बाया आळशी झाल्या म्हणून, मोबाईल आला म्हणून, असं सगळे म्हणतात. चूक. वाकळ गेली कारण सुती लुगडं गेलं.

हिशेब करून बघा. नऊवारी लुगडं नऊ वार लांब, पन्हा साधारण सव्वा वार. मधोमध फाडलं की साडेचार-साडेचार वारांचे दोन तुकडे. ते काठाला काठ जोडले, की रुंदी अडीच वार. मग दुमडलं, की लांबी सव्वादोन वार, आणि खालचा तळ नि वरचा माथा दोन्ही एकाच लुगड्यात. तीन पोरं आडवी झोपतील एवढी वाकळ, कात्री न लावता. सहावारी साडी आली आणि हे गणितच मोडलं. सहा वार फाडून जोडा, एका बाजूचं भागतं, दुसऱ्या बाजूला दुसरी साडी हवी. तेही एकवेळ चाललं असतं. पण ती साडी पॉलिस्टरची निघाली.

वऱ्हाड म्हणजे कापूस. अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी, १८६१ नंतर, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आमचाच कापूस, आमच्याच मिलचं कापड, आमच्याच बायांच्या अंगावर, आणि शेवटी बाजेवर. ते कापड अंगावर दोन-चार वर्षं धुतलं-वापरलं जायचं, झिजून विरळ आणि मऊ व्हायचं, मग वाकळीत जायचं. झिजणं हाच त्याचा गुण होता. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली. नव्वदीनंतर आमच्या शेतांत सोयाबीन आलं, आणि आज वाशीम जिल्हा म्हटलं की सोयाबीनच. ज्या गावात कापूस होत नाही आणि सुती लुगडं कुणी नेसत नाही, त्या गावात बायांना वाकळीचं प्रशिक्षण देऊन काय होणार? मध्यंतरी तसं एक शिबिर झालं. नवं कोरं मिलचं कापड कापून त्याचे तुकडे करायचे आणि पुन्हा जोडायचे. मी अर्ध्यातून उठून आले.

पॉलिस्टर झिजत नाही. घाम शोषत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, सुई कुरकुरते, टाचे घातले तरी माथा पळत राहतो. हे मी सगळं एका व्याख्यानात सांगितलं, टाळ्याही मिळाल्या.

पण खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका सुनेने पॉलिस्टरच्या पाच साड्यांची वाकळ शिवली. बारीक टाके, सरळ ओळी, एक गाठोडं नाही. मी पाठ थोपटली आणि मग आपला मुद्दा काढला, की हिच्यात घाम येईल. ती म्हणाली, “काकू, पंखा हाय नं. अन् हे धुतली का दोन घंट्यात वाळते. तुमची वाकय तीन दिस दोरीवर राहते, अन् मले सोयाबीन काढाले जायचं राहते.” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तरी रात्री तिच्या वाकळीवर अंग टाकून बघितलं. कूस बदलली की खाली सरकतेच.

ढिगातल्या त्या दोन वाकळींपैकी जुनी मी यंदा उसवली. माथा फाटला होता, नवा चढवायचा होता. आत वडिलांचा एक सदरा निघाला. मावशी खिसे उसवून काढायची, हा एवढा तिच्या हातून राहिला होता. आत पाच पैशांचं चौकोनी नाणं आणि तपकिरी झालेला सुपारीचा तुकडा. किती वर्षं आम्ही त्यावर झोपलो, कुणाला टोचला नाही. मी ते नाणं परत खिशात ठेवलं आणि सदरा होता तसा पसरला.

माथ्यासाठी मात्र कापड नाही. म्हणून वाचकांना एक सांगणं आहे. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतून आजीचं लुगडं निघालं, तर बोहारणीच्या पातेल्यावर लगेच घालवू नका. काठाजवळून एक धागा ओढा आणि पणतीवर धरा. आकसून काळा कडक मणी झाला, तर खुशाल पातेलं घ्या. कागद जळाल्याचा वास येऊन चिमूटभर राख पडली, तर ते सुती आहे. ते फाडू नका, कापू नका, पोतेरं करू नका. आमच्या घरच्या वाकळीला अजून एक माथा कमी आहे, आणि तुमच्याही घरी एखादी असेलच.