पावसाचा हिशेब आणि बांधावरची प्रयोगशाळा

पर्जन्यमापकात एक मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे एका एकरावर किती पाणी पडले? साधारण चार हजार लिटर. धाराशिव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्या हिशेबाने प्रत्येक एकराच्या वाट्याला २८ लाख लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर २८० टँकर! आणि तरीही उन्हाळा तापला की त्याच एकराचा मालक गावात टँकर कधी येतो याची वाट पाहत बसतो. आकाशातून २८० टँकर पडूनही जमिनीवर एका टँकरसाठी रांग लागते. मधले पाणी जाते कुठे?

धाराशिवच्या दृष्टीने शाश्वत विकासाचे सगळे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरते. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी त्याची उत्तरे शोधायला सुरुवात केली आहे. त्यातली बरीच उत्तरे प्रयोगशाळेच्या काचेपेक्षा शेताच्या बांधावर सापडली आहेत.

विहिरीच्या भिंतीवरचा भूगोल

या जिल्ह्याची जमीन समजून घ्यायची असेल, तर नव्याने खोदलेल्या विहिरीत डोकावून पाहावे. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मग छिद्राछिद्रांचा मांजऱ्या खडक, मध्येच कुठे तांबड्या गेरूचा पट्टा आणि तळाशी घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा उभा छेद. विहीर खोदणारा गडी या थरांना ज्या नावांनी ओळखतो, त्याच थरांचा भूजलशास्त्रज्ञही अभ्यास करतो.

वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशात जमीन पाणी भरपूर साठवते. बेसाल्टचे तसे नाही. पाणी मावते ते मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. शंभर लिटर आकारमानाच्या अशा खडकातून उपशासाठी मिळणारे पाणी बहुधा एक ते तीन लिटरच असते. त्यामुळे पावसाळ्यात विहिरी लवकर तुडुंब भरतात आणि तितक्याच लवकर तळाला जातात. झरे आटले की बोअर आणखी खाली नेली जाते. पण खाली गेले म्हणजे साठा वाढतो असे नाही. कठीण पाषाणात पाणी फक्त भेगेत असते, आणि भेग लागली नाही तर कर्जाचे पैसे धुळीबरोबर उडून जातात.

बालाघाटचे डोंगर या जिल्ह्याचे पाणी दोन बाजूंना वाटतात. मांजरा आणि तेरणेचे पाणी गोदावरीला मिळते, तर सीना आणि बोरीचे भीमेमार्गे कृष्णेला. शेवटी दोन्ही वाटा बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतात. माथ्यावरचा जिल्हा असल्यामुळे वरून वाहत येणारे पाणी थोडेच. जे पडते, त्यावरच भागवायचे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल पाहिला की कळते, सतराव्या शतकाच्या आरंभीच्या स्थापत्यकारांनाही हा हिशेब नीट ठाऊक होता.

गावाचा ताळेबंद

जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्याने राज्य सरकारने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. लोक त्याला पोकरा म्हणतात. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती आणि धाराशिव त्यातलाच एक जिल्हा. बंधारा कुठे घालायचा, शेततळे किती घ्यायची, हे अंदाजाने ठरवण्याऐवजी आधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा, असे या प्रकल्पात ठरले. त्याचे गणित तयार करण्याचे काम मुंबईच्या आयआयटीने केले. तिथले प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातले त्यांचे सहकारी यांनी ते उभे केले.

गणिताची मांडणी घरखर्चाच्या वहीसारखीच आहे. जमेच्या बाजूला पाऊस. खर्चाच्या बाजूला चार रकाने: ओढ्यानाल्यांतून वाहून गेलेले पाणी, पिकांनी वापरलेले पाणी, मातीत राहिलेली ओल आणि जमिनीत मुरलेले पाणी. महसूल मंडळाचा रोजचा पाऊस, मातीचा प्रकार आणि खोली, जमिनीचा उतार आणि पिकांची नोंद ही माहिती भरली, की प्रत्येक रकान्यात किती पाणी गेले ते संगणक सांगतो. पिकाला हवे होते किती आणि मिळाले किती, यातली तूटही कळते.

हे गणित किती कामाचे आहे, ते दोन शेजाऱ्यांच्या शेतावरून समजते. समजा, दोघांनी एकाच दिवशी सोयाबीन पेरले आणि दोघांवर पाऊस सारखाच पडला. एकाची जमीन माळाला, जेमतेम वीतभर माती आणि खाली मुरूम. तिच्यात पिकाला घेता येईल असे पाणी साधारण ४० मिलीमीटर मावते. दुसऱ्याची जमीन ओढ्याकाठची, दोन फूट काळी. तिच्यात शंभरेक मिलीमीटर. फुलोऱ्यातले सोयाबीन दिवसाला चार-पाच मिलीमीटर पाणी पिते. पावसाने खंड दिला, की माळावरची ओल नऊ-दहा दिवसांत संपते आणि पीक त्याआधीच माना टाकू लागते. ओढ्याकाठचे पीक तीन आठवडे तग धरते. २०२३ चा ऑगस्ट देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा महिन्यात तालुक्याची सरासरी पाहून काहीच कळत नाही. मदत लागते ती माळावरच्या शेतकऱ्याला, आणि तीही दहाव्या दिवशी. एक संरक्षित पाणी मिळाले तर त्याचे वर्ष वाचते.

हाच ताळेबंद रब्बीच्या तोंडावर आणखी एक प्रश्न विचारतो. जमिनीत आणि बंधाऱ्यांत एवढे पाणी शिल्लक आहे, मग गावाने पेरायचे काय? ज्वारी आणि हरभरा ओलीवर आणि एखाद्या पाण्यावर येतात. उसाला वर्षभरात दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे इथल्या पावसाच्या जवळजवळ तिप्पट. ग्रामसभेत हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले गेले, की चर्चेचा सूर बदलतो. अटल भूजल योजनेतही राज्यातल्या १३ जिल्ह्यांत धाराशिवचा समावेश झाला आणि ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडे करावेत, असा आग्रह धरला गेला. शास्त्राने आकडे द्यायचे आणि निर्णय गावाने घ्यायचा, अशी ही वाटणी आहे.

पिशवीतले संशोधन

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले, ते वर्ष राज्याच्या भीषण दुष्काळाचे होते. या विद्यापीठाचे संशोधन जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात पिशवीतून पोहोचले आहे. सोयाबीनच्या वाणांपुढे लिहिलेली ‘एमएयूएस’ ही अक्षरे विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी नावातून आली आहेत. तुरीच्या ‘बीडीएन ७११’ या पांढऱ्या वाणातले ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरचे संशोधन केंद्र. हा वाण पाच-सव्वापाच महिन्यांत तयार होतो, त्यामुळे जमिनीतली ओल संपण्याआधीच शेंगा भरतात. दुष्काळाशी झुंज देण्यापेक्षा त्याच्या हातून निसटून जाणे पिकाला परवडते, हे पैदासकारांचे सूत्र या एका वाणात दिसते.

रुंद वरंबा सरी पद्धतीचेही तसेच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत काळ्या जमिनींसाठी विकसित झालेली ही पद्धत कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विभागाने गावागावांत नेली. धो-धो पावसात सरीतून जादा पाणी निघून जाते आणि पावसाने ओढ दिली की त्याच सरीत मुरलेली ओल वरंब्यावरच्या मुळांना मिळते. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा विद्यापीठाचा सल्ला म्हणजे ‘वाफसा’ या शब्दामागचे शास्त्र आकड्यात सांगणे आहे.

सगळे संशोधन विद्यापीठातच होते असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली. पुनर्वसनाच्या त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत या संस्थेशी जोडलेल्या बायकांनी घरच्यांकडून अर्धा ते एक एकर जमीन स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेतली आणि तिच्यात एका नगदी पिकाऐवजी डाळी, भरडधान्ये, भाजीपाला अशी अनेक पिके सेंद्रिय खतांवर घेतली. कमी पाण्यात घरचे ताट भरलेले राहते, हे त्यांनी सिद्ध केले. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. हे एक एकराचे शेत म्हणजे खरीखुरी प्रयोगशाळा आहे. तिच्यातल्या ओलीची, मातीच्या सेंद्रिय कर्बाची आणि घरातल्या आहाराची मोजमापे वर्षानुवर्षे ठेवण्याचे काम आपल्या महाविद्यालयांनी अंगावर घ्यायला हवे.

संधी कुठे आहेत?

हे काम करू शकणाऱ्या संस्था जिल्ह्यातच आहेत. धाराशिव शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. तालुक्यातालुक्यांत विज्ञान महाविद्यालये आहेत.

निधीच्या वाटाही आहेत. २०१४ पासूनच्या उन्नत भारत अभियानात सहभागी महाविद्यालयाने किमान पाच गावे दत्तक घ्यायची आणि तिथल्या प्रश्नांवर काम करायचे असते. दिल्लीची आयआयटी त्याचे समन्वयन करते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. त्याच्या एका योजनेत मोठी संस्था केंद्रस्थानी राहून लहान विद्यापीठांना सोबत घेते. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. २००६ पासून होणारी ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा तर पदवीच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. त्यात शेती व पशुसंवर्धनाचा स्वतंत्र गट आहे.

कॅलेंडरवर दोन तारखा ठळक करून ठेवाव्यात. १८ मे रोजी परभणीला विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. शेतकरी बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लावतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्या रांगेत वही घेऊन उभे राहावे. एका दिवसात संशोधनाचे डझनभर प्रश्न हाती लागतील.

काही प्रश्न तर उंबऱ्याशीच आहेत. काळीभोर, काटक, जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी हे या जिल्ह्याचे जिवंत धन. तिच्या सुधारणेचे काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले, उष्णतेचा तिच्या शरीरावर होणारा परिणाम बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेत तपासला गेला. आता तिच्या मूळ गावच्या गोठ्यात, मे महिन्याच्या उन्हात, चारा-पाण्याच्या खऱ्या टंचाईत तिची मोजमापे घ्यायला हवीत. भूम परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत. एक किलो खव्याला किती सरपण जळते, धूर कोणाच्या छातीत जातो, सौर ऊर्जेवर ते काम किती परवडेल? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी आपल्या गावातल्या दहा विहिरी दर आठवड्याला मोजल्या, तर पाच वर्षांत त्या गावाच्या पाण्याची अशी वही तयार होईल, जी आज कोणाकडेच नाही. त्यासाठी लागते एक मोजपट्टी, एक दोरी आणि नेमाने जाणारा विद्यार्थी.

आयआयटीच्या गणिताला जो पाऊस लागतो, तो महसूल मंडळात मोजलेला. एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस शिवार बदलले की बदलतो. हे गणित अधिक अचूक करायचे असेल, तर ती माहिती गावातूनच यायला हवी. मुंबईचा संगणक कितीही मोठा असला, तरी आपल्या शिवारातला पाऊस तो इथे येऊन मोजू शकत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय पुस्तकात शोधू नका, गावात शोधा. आणि गावकऱ्यांना दुसरी: शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात मोकळ्या जागी एक साधा पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला त्यातला आकडा वहीत उतरवा. एकराला २८ लाख लिटर पाणी देणाऱ्या आकाशाशी हिशेब करायचा, तर पहिली नोंद आपल्याच हाताने झाली पाहिजे.