ट्रॅक्टरचा एअर फिल्टर: कधी साफ करावा, कधी बदलावा

उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालतो तेव्हा मागे धुळीचा लोट उठतो. वारा पाठीमागून असेल तर ट्रॅक्टर त्याच लोटात चालत राहतो आणि इंजिन तीच हवा ओढते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे दिवसभरात ४० लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर चार लाख लिटरहून जास्त हवा आत घेतो. ही सगळी हवा गाळण्याचे काम एकटा एअर क्लीनर करतो. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे अनेक शेतकरीही त्याचे झाकण महिनोन्महिने उघडत नाहीत. काही जण याच्या उलट, रोज फिल्टर काढून झटकतात. या दोन्ही सवयींनी इंजिन खराब होते.

धूळ आत गेल्यावर काय होते?

मातीच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात. ते लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर इंजिनाची सर्वांत जास्त झीज ५ ते २० मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे कण करतात. पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामध्ये अडकून ते पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. मग कॉम्प्रेशन कमी होते, सकाळी ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही, ऑइल खाऊ लागतो, ब्रीदरमधून धूर येतो. इथपर्यंत आल्यावर इंजिन बांधण्याशिवाय उपाय राहत नाही.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. फिल्टर चोंदला तर ट्रॅक्टर लगेच कळवतो: काळा धूर, चढाला दम लागणे, डिझेलचा खप वाढणे. फिल्टर फाटला किंवा त्याच्या पुढच्या नळीतून हवा शिरू लागली, तर मात्र काहीच कळत नाही. उलट ट्रॅक्टर हलका चालतो. म्हणून साफसफाई करताना फिल्टर फाटणार नाही याची काळजी आधी घ्यावी.

ऑइल बाथ प्रकार

जुन्या व बऱ्याच मध्यम ट्रॅक्टरांना हा प्रकार असतो. यात हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या ऑइलवर आदळते आणि वळून वर जाते. जड धूळ ऑइलमध्ये बसते, उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते.

धुळीच्या कामात वाटी रोज पाहावी. त्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ थांबावे, म्हणजे जाळीतले ऑइल खाली उतरते. वाटीच्या तळाला साधारण एक सेंटिमीटर गाळ साचला किंवा ऑइल काळे-घट्ट झाले, की ते ओतून टाकावे. वाटी डिझेलने धुऊन कोरडी पुसावी आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे स्वच्छ ऑइल खुणेपर्यंत भरावे. इंजिनातून काढलेले जुने ऑइल इथे वापरू नये.

खुणेच्या वर ऑइल भरणे हे कमी भरण्याइतकेच वाईट आहे. जास्तीचे ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि डिझेलसारखे जळते. अशा वेळी इंजिनाचा वेग आपोआप वाढत जाऊन स्टॉप नॉब ओढूनही ते थांबत नाही, असे होऊ शकते. काढता येणारी जाळीही अधूनमधून डिझेलमध्ये खळबळून, निथळून बसवावी. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, आगीचा धोका असतो.

कागदी म्हणजे ड्राय प्रकार

नव्या ट्रॅक्टरांत बहुधा एकात एक असे दोन फिल्टर असतात. बाहेरचा मोठा फिल्टर धूळ अडवतो. आतला लहान फिल्टर संरक्षणासाठी असतो. बाहेरचा फाटला किंवा तो काढला असताना इंजिनात धूळ जाऊ नये, एवढेच त्याचे काम.

कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो. म्हणून रोज झटकण्यात फायदा नाही. शिवाय प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत पडते आणि रबरी सील सैल होते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला किंवा फिल्टरजवळचा दर्शक लाल झाला, की साफ करावा. दर्शक नसेल तर मॅन्युअलमधले तास पाळावेत. रोज फक्त खालची रबरी टोपी दाबून साठलेली धूळ पाडावी.

साफ करताना हवा आतून बाहेर मारावी. दाब ३० पीएसआयच्या वर नको. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा दाब याच्या कितीतरी पट असतो, तिथे तोटी अगदी जवळ धरली की कागदाला बारीक छिद्रे पडतात. टायरवर आपटल्याने घड्या दबतात आणि कडा वाकतात. साफ झाल्यावर अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी लावून बाहेरून पाहावे. एका जागी ठिपक्यासारखा उजेड दिसला तर तो फिल्टर टाकून द्यावा. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, ठरलेल्या वेळी थेट बदलायचा असतो.

होज आणि क्लॅम्प

एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन बांधून एकच हंगाम झाला होता आणि तो पुन्हा धूर टाकू लागला. दोष मेस्त्रीवर आणि सुट्या भागांवर गेला. मी पाहिले तेव्हा फिल्टर नवा होता, वाटीही स्वच्छ होती. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी होजला खालच्या बाजूने, सहज न दिसणारी चीर होती. इंजिन बांधताना सगळे नवे घातले, होज मात्र जुनाच बसवला. दुसऱ्यांदा काम करावे लागले, आणि ते पैसे त्याने सोसायटीतून घेतलेल्या पीककर्जातून दिले.

म्हणून फिल्टर उघडाल तेव्हा होज वाकवून सगळीकडून पाहा, क्लॅम्प आवळा. मग होजचे फिल्टरकडचे टोक सोडवून आतून पांढरा रुमाल फिरवा. ऑइल बाथ प्रकारात थोडा तेलकटपणा चालतो, पण मातीचा रंग दिसता कामा नये. दिसला तर फिल्टर, सील किंवा होज यांपैकी काहीतरी गळते आहे आणि ते सापडेपर्यंत ट्रॅक्टर कामाला लावू नये. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शेतकरी मेळाव्यात ही एवढी तपासणी प्रत्यक्ष करून दाखवली तरी पुष्कळ इंजिने वाचतील.

सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीवर आणि पाचट कुट्टीवर ट्रॅक्टर एका जागी तासन्‌तास चालतो. तिथे धुळीपेक्षा भुसा आधी त्रास देतो. तो प्री-क्लीनरच्या जाळीवर चिकटून हवेची वाट बंद करतो. दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून जाळी हाताने साफ करावी. शक्य असेल तर ट्रॅक्टर वाऱ्याच्या बाजूला, भुसा उडून येणार नाही असा उभा करावा.

नवा फिल्टर घेताना जुना सोबत न्यावा. उंची, तोंडाचा व्यास आणि सीलची जाडी जुळवून पाहावी. दिसायला तसाच, पण दोन-तीन मिलिमीटर आखूड फिल्टर झाकण लावल्यावर घट्ट बसत नाही. मळणीच्या आधी एक कागदी फिल्टर पिशवीतून न काढता घरात ठेवलेला बरा.